इंग्रजी यादीवरून स्वाहिली शब्द पाठ केले, तरी बोलणं का कळत नाही?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दार एस सलामला जायचंय, इंग्रजी–स्वाहिली यादीतले दोनशे शब्द पाठ झालेत, पण टांझानियातल्या बातम्या लावल्या की त्यातला एकही शब्द कानाला लागत नाही. मी त्या शहरात चार वर्षं राहिलो आणि माझी सुरुवातही अशाच यादीने झाली. माझा सल्ला एकच: यादीतला इंग्रजी रकाना खोडा आणि तिथे मराठी लिहा. इंग्रजीत गाळला जाणारा बराच अर्थ मराठीत आयता सापडतो.

नात्यांपासूनच बघा. यादीत 'म्जोम्बा' म्हणजे अंकल आणि 'शांगाझी' म्हणजे आंटी असं असतं. खरं तर म्जोम्बा म्हणजे मामा आणि शांगाझी म्हणजे आत्या. वडिलांचा धाकटा भाऊ तो 'बाबा म्दोगो', शब्दशः लहान बाबा. आईची धाकटी बहीण ती 'मामा म्दोगो', म्हणजे लहान आई. आपल्या मावशीला याहून चांगलं नाव काय असणार! फक्त दोन शब्दांना जपा. तिथे 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. भाजीवाला तुम्हाला काका म्हणाला तर तो आपल्याकडच्यासारखं 'दादा' म्हणतोय, आणि दुकानातल्या मुलीला हाक मारायची तर 'दादा' म्हणायचं. मला हे अंगवळणी पडायला सहा महिने लागले.

ओळखीचे शब्द भरपूर भेटतील: पेसा, दुका, गारी, रंगी, हेसाबू, बीमा, लाकी, चपाती. काही अरबीतून दोन्हीकडे आले, काही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेले. मात्र 'काझी' म्हणजे काम.

आता शब्द सापडत का नाहीत ते. स्वाहिलीत बदल शब्दाच्या पुढच्या टोकाला होतो. 'म्तू' म्हणजे माणूस, 'वातू' म्हणजे माणसं. 'कितू' म्हणजे वस्तू, 'वितू' म्हणजे वस्तू अनेक. ही सवय इतकी पक्की आहे की अरबीतून आलेल्या 'किताबू'मधला 'कि'सुद्धा त्यांनी उपसर्ग धरला आणि अनेकवचन केलं 'विताबू'. क्रियापदात तर अख्खं वाक्य मावतं. 'वातातुसोमेशा' ऐकलंत तर फोड अशी करा: वा (ते), ता (भविष्यकाळ), तु (आम्हाला), सोमेशा (शिकवणे). ते आम्हाला शिकवतील. यादीत फक्त 'सोमा' असतो, म्हणजे वाचणे, शिकणे. त्याचं 'सोमेशा' होतं तसंच आपलं शिकणेचं शिकवणे होतं. 'रुदी' परतणे, 'रुदिशा' परत करणे. 'कोपा' उसने घेणे, 'कोपेशा' उसने देणे. शाळेतलं प्रयोजक क्रियापद आठवा, अर्धं काम झालं. म्हणून ऐकताना कान शब्दाच्या मागच्या भागाकडे ठेवा, धातू तिथे असतो.

वेळेचं आत्ताच पाठ करून जा. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभर साधारण सहा-साडेसहालाच उजाडतं, त्यामुळे 'सा मोजा', म्हणजे पहिला तास, सकाळी सात वाजता. एका सहकाऱ्याने मला 'केशो सा न्ने', उद्या चार वाजता, असं सांगितलं होतं. मी दुपारी चारला पोचलो. बैठक सकाळी दहाला होऊन गेली होती. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत असत, हे मला तेव्हा सुचलं नाही.

'पोले' शब्दाला यादी सॉरी म्हणते. चूक कबूल करायला 'सामाहानी' म्हणतात. पोले ही सहानुभूती आहे: कुणी ठेचकाळला, आजारी पडला, घरी दुःखद घटना घडली, की पोले. प्रवासाहून आलेल्याला 'पोले ना सफारी', राबणाऱ्याला 'पोले ना काझी', म्हणजे 'दमलात ना'. माझे वडील गेल्याची बातमी आली त्या दिवशी इमारतीच्या पहारेकऱ्याने माझा हात धरून नुसतं 'पोले साना' म्हटलं होतं. तो शब्द मी सॉरी म्हणून कधीच लिहिणार नाही.

आणि पहिल्या दिवशी ऑफिसात वयाने मोठे जे कोणी भेटतील, मग ते साहेब असोत की चहा देणाऱ्या बाई, त्यांना 'हबारी' (काय खबर) न म्हणता 'शिकामो' म्हणा. 'शिका' म्हणजे धरणे; शब्दाचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. समोरून 'माराहाबा' असं उत्तर येईल.