जळगावात खोली करून राहतो, चौघांसाठी स्वस्त वायफाय कोणतं घ्यावं?

चौघांना ४० एमबीपीएसचं फायबर पुरतं; एचडी लेक्चरला एकाला साधारण ५ लागतात. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, तो धरूनच वर्गणी काढा. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण मे महिन्यात सगळे गावी जाणार. पिंप्राळ्यात राहताना मी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, त्यातले दोन महिने खोलीला कुलूप होतं. घरच्यांचे पैसे होते, अजून लागतं मनाला. म्हणून महिन्याचाच घ्या.

कंपनी ठरवण्याआधी त्याच गल्लीतल्या पोरांना विचारा, रात्री दहाला स्पीड किती येतो. आणि वीज गेली की राउटरही जातो, तेव्हा छोटा यूपीएस घ्याच. राउटरच्या अ‍ॅडाप्टरवर व्होल्ट लिहिलेले असतात, बहुतेकदा १२, तेवढ्याचाच मागा.