बाजारपेठेत गस्तीला नवीन लागलात? आधी एवढं सांभाळा

सुरुवातीला चोर पकडायचा विचार बाजूला ठेवा. तुम्ही पोलीस नाही. अंगझडती घेणं, पाठलाग करणं हे आपलं काम नाही, आणि नवी मुलं नेमकी इथेच अडचणीत येतात. आपण दिसत राहायचं, बघायचं, कळवायचं.

– रोज त्याच वेळी त्याच वाटेने फिरू नका.
– दुकानदारांशी ओळख वाढवा. मागचं दार कोण वापरतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.
– नोंद तिथल्या तिथे करा. ‘संशयास्पद माणूस’ एवढंच लिहून भागत नाही, ‘रात्री १०.४०, बंद दुकानाचं कुलूप ओढून पाहत होता’ असं लिहा. पोलिसांना हेच उपयोगी पडतं.

पायरीवर झोपलेल्या माणसावर आवाज चढवू नका; आधी त्याला बरं आहे ना, ते विचारा. वायरलेस, कॅमेरे हळूहळू जमतील.