अंगावर काढलेला थकवा

ओपीडीत रोज कुणी ना कुणी खुर्चीत बसता बसता म्हणतं, "तसं काही नाही डॉक्टर, नुसता अशक्तपणा आहे. ताकदीचं काहीतरी द्या." तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांतही हेच वाक्य पुन्हा पुन्हा आहे. ताप आला तर तो कशानं आला हे आपण विचारतो. थकव्याला मात्र कुणी कारण विचारत नाही, सरळ औषधच मागतात. म्हणून या वेळची सगळी जागा थकव्यालाच देते आहे.

महिन्यातून एकदा सलाईन लावून घेतलं की आठ दिवस बरं वाटतं. लावत राहू का? (पुरुष, ४५, कवठेमहांकाळ)

नको. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या नेहमीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एक भाकरी खाल्लीत तरी तेवढ्या मिळतात. नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. पिवळा रंग दिसतो तो त्यात सोडलेल्या बी-कॉम्प्लेक्सचा. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या, तोंडानं काही घेता न येणाऱ्या माणसाचा जीव हीच बाटली वाचवते. चालत दवाखान्यात आलेल्या माणसाला तिच्यातून ताकद मिळत नाही. तासभर शांत पडून राहायला मिळतं, त्यानं बरं वाटतं. हृदय किंवा किडनी अधू असेल तर हे जादा पाणी आणि मीठ अंगाशी येतं. मागितलं म्हणून सलाईन लावून देणाऱ्या डॉक्टरांवरही माझा राग आहे. तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे आहात आणि दर महिन्याला थकता. तुमची साखर, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) कुणी पाहिलं आहे का? बाटलीचे पैसे या महिन्यात तिकडे घाला.

कॅल्शियमच्या गोळीनं थकवा जातो का? (स्त्री, २७, कुपवाड)

नाही.

हिमोग्लोबिन ७.८ आहे. पाळी आठ-नऊ दिवस चालते, पहिले तीन दिवस अंगावर खूप जातं. जाऊबाई म्हणतात, पाळी जायच्या आधी असं होतंच. दोन महिने बीटाचा रस घेते आहे. अजून किती दिवस घ्यावा? (स्त्री, ४१, तासगाव)

ताई, रस आज थांबवला तरी चालेल. तपासणी मात्र थांबवू नका. या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण तुमच्यासारख्या बायका मी रोज पाहते आणि दर वेळी जीव तुटतो.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ८ च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. तुम्ही ७.८ घेऊन स्वयंपाक करता, पाणी भरता, बागेत मजुरीलाही जात असाल. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, केस गळतात, पाय दुखतात, आणि घरातले म्हणतात हिला हल्ली आळस आलाय. हा आळस नव्हे. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अर्धी रिकामी धावते आहे. आणखी एक खूण सांगते, जी बायका लाजून सांगत नाहीत. तांदूळ निवडताना कच्चेच तोंडात टाकावेसे वाटतात, पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती खावीशी वाटते. लोह फार कमी झालं की असं होतं. यात लाज कसली? डॉक्टरांना सांगा, निदानाला मदतच होते.

आता बीट. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हा समज कुठून आला कोण जाणे. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. लोहाच्या एका गोळीत ६० ते १०० मिलिग्रॅम असतं. डाळिंबातही बिटासारखंच लोह कमी. पालेभाजी, नाचणी, हळीव, मटकी, चालत असेल तर मटण-कलेजी, हे सगळं जरूर खा, वर लिंबू पिळा. पण ७.८ चं ११ नुसत्या जेवणानं होत नाही. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ती चहाबरोबर घेतली तर अर्धी वाया जाते, म्हणून चहा आणि गोळीत एक-दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळं होतं, ते गोळीमुळेच. मळमळलं तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. हिमोग्लोबिन बरोबर आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात, कारण शरीरातली लोहाची कोठारं भरायची राहिलेली असतात. इथंच बहुतेक जणी चुकतात. महिनाभरात तरतरी आली की पट्टी फळीवर जाते.

आणि मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. वरून कितीही भरलं तरी खाली भोक असेल तर हंडा भरणार कसा? सात दिवसांहून जास्त पाळी, तासा-दोन तासाला बदलावं लागणारं पॅड, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी, यातलं काहीही असलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलंच पाहिजे. गर्भाशयात गाठ असू शकते, थायरॉईड बिघडलेलं असू शकतं, क्वचित रक्त गोठण्याचा दोष असतो. पंचेचाळिशीनंतर असं झालं तर कर्करोग नाही ना, हेही पाहावं लागतं. "पाळी जायच्या आधी होतंच" या एका वाक्यानं किती बायकांची दोन-दोन वर्षं खाल्ली आहेत! कर्नाटकातून लोक रात्रभर प्रवास करून मिरजेला उपचारासाठी येतात, आणि तासाभरावरच्या तासगावची बाई सोनोग्राफीला यायला दिवाळी होऊ दे म्हणते, मग द्राक्षाची छाटणी होऊ दे म्हणते, मग मुलीचं लग्न होऊ दे म्हणते. दुसऱ्या टोकाला, एकदम गर्भपिशवी काढून टाका असा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बहुतेक वेळा आधी औषधांनी, किंवा गर्भाशयात बसवायच्या साधनानं रक्तस्राव आटोक्यात येतो.

ताई, ७.८ ला मी पुढच्या महिन्याची वाट पाहणार नाही. याच आठवड्यात जा. जाताना जाऊबाईंनाही बरोबर न्या.

सोसायटीतल्या सगळ्यांनी बी-१२ ची इंजेक्शनं घेतली. मीही घेऊ का? (पुरुष, ५०, सांगली)

आधी रक्तातलं प्रमाण तपासा. इंजेक्शन घेऊन मग तपासणी केली तर आकडा फुगलेला येतो आणि खरं काय ते कळत नाही. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, तर कमतरतेची शक्यता बरीच. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, जीभ लाल होऊन चुरचुरणं यातलं काही असेल तर थांबू नका.

थायरॉईडची गोळी सकाळच्या चहाबरोबर नियमित घेते, तरी थकवा जात नाही. (स्त्री, ३८, आटपाडी)

चहाबरोबर नको. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या, पुढचा अर्धा ते एक तास काही नको. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तासांनंतर. असं सहा ते आठ आठवडे करून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करा आणि मगच डोस ठरवून घ्या. डोस स्वतः वाढवू नका.

मिस्टर ट्रक चालवतात. दिवसभर पेंगतात, रात्री एवढे घोरतात की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. हा कामाचाच थकवा ना? (स्त्री, ४४, पलूस)

एका रात्री जागून नीट ऐका. घोरणं मध्येच बंद पडतं, काही क्षण श्वासच येत नाही, मग ते दचकून मोठा श्वास घेतात, असं होतं का? होत असेल तर झोपेत श्वासनलिका बंद पडते आहे. रात्री दहा तास झोपले तरी सकाळी डोकं जडच राहणार. यानं रक्तदाब वाढतो, आणि स्टिअरिंगवर डोळा लागला तर त्यांचा आणि समोरच्याचा, दोघांचाही जीव जातो. फिजिशियन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, ते स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, सांगतील. तोवर रात्रीच्या फेऱ्या बंद. घरात भांडण झालं तरी चालेल.

ओळखीच्यांनी एक पुडी दिली. गुडघेदुखी आणि अशक्तपणा दोन्ही चार दिवसांत गेले. डब्यावर काही लिहिलेलं नाही. (पुरुष, ५८, जत)

चार दिवसांत दोन्ही जातात म्हणूनच मला काळजी वाटते. नाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सुरुवातीला भूक लागते, हुरूप येतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. विकणारा त्याला वनस्पती म्हणतो, कारण लेबल लावलं तर पकडला जाईल. पण ती एकदम बंदही करू नका. बरेच दिवस घेऊन अचानक सोडली तर रक्तदाब पडून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ती कमी कशी करायची ते त्यांना ठरवू द्या.

वडिलांचं वय ६३. तीन महिन्यांत वजन सात किलो उतरलं, हिमोग्लोबिन ९. सगळे म्हणतात वयानं होतं. (विटा)

वयानं हिमोग्लोबिन ९ होत नाही आणि सात किलोही उतरत नाहीत. पुरुषाला पाळी नसते, मग लोह कमी असेल तर रक्त कुठून जातं आहे? बहुतेक वेळा पोटातून. वेदनाशामक गोळ्यांनी झालेला अल्सर, मूळव्याध, किंवा आतड्याचा कर्करोग. शौचाची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी लागेल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळी कणकण असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, क्षयरोगाची औषधंही तिथं मोफत मिळतात. साखरही पाहा. लोहाची गोळी सुरू करून वाट पाहत बसू नका. या आठवड्यात दाखवा.

सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी सकाळी उठवत नाही, अभ्यासात लक्ष नाही, मित्रांकडेही जावंसं वाटत नाही. (पुरुष, २४, स्पर्धा परीक्षेची तयारी, सांगली)

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तुझा थकवा खोटा ठरत नाही. आधी आवडणाऱ्या गोष्टींतलं मन उडालं, झोप आणि भूक बिघडली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज चालू आहे, तर हे नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि त्यानं बरं वाटतं. मानसोपचारतज्ज्ञांना भेट. संकोच वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मोफत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटत असेल तर हे वाचून झाल्या झाल्या फोन कर, आणि घरातल्या एकाला तरी सांग. रात्री दोनपर्यंत अभ्यासिका आणि जेवणाऐवजी चहा, हेही बदलावं लागेल, पण आधी भेट.

किती दिवस वाट पाहून डॉक्टरांकडे जावं? (स्त्री, ३३, शिराळा)

नीट झोप आणि जेवण होऊनही दोन-तीन आठवडे थकवा राहिला तर जा. वजन उतरणं, ताप, रक्त जाणं यातलं काही सोबत असेल तर लगेच. छातीत दडपण, दरदरून घाम, आडवं झाल्यावर धाप, अचानक एका बाजूचा अशक्तपणा, काळं डांबरासारखं शौच आणि चक्कर, यात १०८ ला फोन करा. द्राक्षबागेत फवारणी केल्यावर घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर तो थकवा समजून घरी झोपवू नका. तो विषबाधेचा प्रकार असतो. अंगावरचे कपडे काढून, अंग धुऊन, औषधाच्या डब्यासकट रुग्णालयात न्या.

तपासायला येताना उपाशीपोटी यायचं का? (पुरुष, ४७, मिरज)

उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तरच. बाकी जेवून या. जुने रिपोर्ट आणा आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, पावडर, काढा एका पिशवीत घालून आणा. तंबाखू किंवा घरातल्या बायकांची मिश्री चालू असेल तर तेही सांगा.