झोपेत घोरणाऱ्या मुलाच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतो. मग त्याच्या मेंदूलाही पुरेसा ऑक्सिजन मिळतो असे समजावे का?

तेवढ्यावरून तसे समजू नये. बोटावरचा ऑक्सिमीटर धमनीतल्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सांगतो. मेंदूला तो किती पुरतो, हे तिथल्या रक्तप्रवाहावर आणि मेंदूच्या त्या वेळच्या गरजेवरही अवलंबून असते. कपाळावर संवेदक चिकटवून अवरक्त प्रकाशाने मेंदूच्या वरच्या थरातील ऑक्सिजन मोजता येतो. त्यात शिरांमधले, म्हणजे ऑक्सिजन देऊन परतणारे रक्तही धरले जात असल्याने निरोगी मुलातही आकडा साधारण ६० ते ८० टक्के येतो, आणि तो बोटावरच्या आकड्याशी ताडून पाहणे चुकीचे ठरेल.

श्वास अडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त येऊन ऑक्सिजनची घट बरीचशी भरून निघते. मला अधिक काळजी वाटते ती तुटक झोपेची, कारण ऑक्सिजन फारसा न घसरताही मूल रात्रभर पुन्हा पुन्हा अर्धवट जागे होत राहू शकते आणि त्याचा परिणाम दिवसा चिडचिड, चंचलपणा व अभ्यासात लक्ष न लागणे या रूपाने दिसतो.

श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, मध्येच आवाज थांबून मग जोराने श्वास घेणे, मान मागे टाकून झोपणे यांपैकी काही वारंवार दिसत असेल, तर आकडा चांगला असला तरी बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मुलांमध्ये कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली टॉन्सिलसारखी गाठ) असते. नेमके निदान रात्रभराच्या निद्रा-चाचणीने होते.