पूर्वजाचं गाव कागदांत कुठे सापडेल?

प्रश्न : १८७० च्या दशकात स्वीडनहून अमेरिकेतल्या मिनेसोटात येऊन शेती करणाऱ्या पूर्वजाचं मूळ गाव शोधायचं आहे. जनगणनेत जन्मस्थान फक्त 'स्वीडन' आहे. नागरिकत्वाचे कागद मागवावेत का?

उत्तर : त्यांच्यापासून सुरुवात करू नका. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांत बहुधा देशाचंच नाव असतं. आधी तो ज्या स्वीडिश लुथरन चर्चचा सदस्य होता, त्याची नोंदवही पाहा. ऑगस्टाना सिनॉड या अमेरिकेतल्या स्वीडिश लुथरन चर्चच्या संघटनेच्या (स्थापना १८६०) पाद्र्यांनी नोंदी स्वीडिशमध्ये ठेवल्या, आणि त्यांत जन्मतारखेसोबत जन्माचा पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग) अनेकदा सापडतो. पॅरिश मिळाला की अर्धं काम झालं, कारण स्वीडनमधली दप्तरं पॅरिशवारच लावलेली आहेत. तिथल्या कुटुंबवार नोंदवहीत तो कधी आणि कुठे गेला हेही लिहिलेलं असतं.

आडनावावरून शोधलंत तर फसाल. आंदर्सचा मुलगा पेर झाला 'आंदर्सोन', पण पेरचे मुलगे 'पेर्सोन'. जन्मतारीख धरून शोधा.

त्याचं रोजचं जगणं मात्र होमस्टेडच्या, म्हणजे सरकारने शेती करून राहण्यासाठी दिलेल्या जमिनीच्या, फाइलमध्ये दिसतं. १८६२ च्या कायद्यानुसार १६० एकरांपर्यंत जमीन मिळायची. पाच वर्षं राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवावी लागे. शेवटी दोन साक्षीदार जबाब देत, त्यात घराचं माप, नांगरलेले एकर, विहीर, गोठा असं सगळं येतं. ही फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवायची. त्यासाठी भूकार्यालयाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक लागतो. तो जमिनीच्या सनदेवर असतो. सनदांची सरकारी सूची ऑनलाइन मोफत आहे, पण अर्धवट सोडलेले दावे तिच्यात नाहीत. जमीन रेल्वे कंपनीकडून विकत घेतली असेल, तर अशी फाइलच नसते. मग काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या) दप्तरातलं खरेदीखत पाहा.