व्हॅनवर सोलर टाकताय? आधी युनिटचा हिशोब करा

गेल्या अंकात घरच्या घरी कॅम्पर व्हॅन (आत राहायची, झोपायची सोय असलेली गाडी) बनवण्यावर लिहिलं होतं, त्यानंतर सोलरवरच इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कोपरा त्यालाच देतोय. सातारा-सांगलीकडचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून उत्तरंही तिकडच्या ऊन-पावसाला धरून.

प्रश्न: सर नमस्कार, मी साताऱ्याचा. जुनी ट्रॅव्हलर घेतलीय, कॅम्पर करतोय. आम्ही तिघं. फ्रिज, पंखा, लाइट, लॅपटॉप, मिक्सर आणि जमलं तर इंडक्शन पाहिजे. दुकानदार म्हणतो एक किलोवॉटचे पॅनल टाका, विषय संपला. खरंच एवढं लागतं का?

नाही लागत, आणि नुसते पॅनल टाकून विषय संपतही नाही. दुकानात जायच्या आधी घरी बसून वही घ्या आणि दिवसाला किती वीज लागणार ते लिहून काढा, कारण बॅटरी, पॅनल, वायर, सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. तुमच्या यादीवरून मी मांडून बघितलं. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, ४०-५० लिटरचा, तो सतत चालत नाही, बंद-चालू होत राहतो, त्याचे दिवसाला साधारण ५०० वॉट-अवर (वॉट गुणिले तास) धरा. २० वॉटचा डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा रात्रभर म्हणजे ८ तास, १६० झाले. लाइटचे ८०, लॅपटॉप ३ तास चालला तर १८०, मोबाईल चार्जिंग आणि पाण्याचा छोटा पंप मिळून ८०. बेरीज १००० वॉट-अवर, म्हणजे आपल्या लाइटबिलावरचं बरोबर १ युनिट.

मिक्सरची काळजी करू नका, ५०० वॉटचा असला तरी पाच मिनिटांत ४०-४५ वॉट-अवरच खातो, फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरातल्या विजेसारखीच वीज देणारा) आणि १००० वॉटचा घ्या म्हणजे सुरू होतानाचा झटका तो सोसेल. इंडक्शनचं मात्र वेगळं आहे. १५०० वॉटवर ४० मिनिटं स्वयंपाक केला की १ युनिट गेलं, म्हणजे बाकी सगळ्या गाडीला दिवसभर लागतं तेवढं एका जेवणात. शिवाय त्या वेळी बॅटरीतून १३० अँपिअरच्या आसपास ओढ लागते, त्यासाठी बोटाएवढी जाड केबल, मोठा इन्व्हर्टर, मोठी बॅटरी, सगळंच वाढतं. तिघांचा स्वयंपाक असेल तर माझं स्पष्ट मत आहे की शेगडी गॅसचीच ठेवा. ५ किलोचा सिलिंडर बंदिस्त कप्प्यात ठेवा आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाडा, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो.

आता पॅनल. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दिवसाला साधारण ५ तासांचं पूर्ण ऊन धरायला हरकत नाही. पण पॅनल छतावर आडवा असतो, तापतो, वर धूळ बसते, म्हणून पाटीवरच्या आकड्याच्या ७० टक्केच हातात येतील असं धरा. ४०० वॉट गुणिले ५ गुणिले ०.७ म्हणजे १४०० वॉट-अवर. तुमची गरज भागून वर थोडं उरतंय. म्हणून २०० वॉटचे दोन पॅनल, ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज जुळवून बॅटरीत भरणारा) आणि २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ही बॅटरी अडीच युनिटची होते, दोन युनिट बिनधास्त वापरा, म्हणजे एक दिवस ढगात गेला तरी फ्रिज बंद पडणार नाही.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात. बामणोली, तापोळा, महाबळेश्वर या भागात धुक्या-पावसात ५ तासांचे २ तास पण धरता येत नाहीत, म्हणजे तेच ४०० वॉट दिवसाला जेमतेम ५०० वॉट-अवर देतील. तिथं एक किलोवॉट टाकून छत भरण्यापेक्षा गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरवरून) चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा. गाडी चालू असताना तो तासाला ४०० वॉट-अवरच्या आसपास भरतो. साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला जाईपर्यंत दीड तास लागतोच, तेवढ्यात अर्ध्या युनिटच्या वर बॅटरीत पडलेलं असतं. पण हा चार्जर वगळून लिथियम थेट गाडीच्या बॅटरीला जोडू नका, लिथियम एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

प्रश्न: मी मिरजेहून लिहितेय. आमच्या व्हॅनमधला फ्रिज रात्री आपोआप बंद होतो. बॅटरी नवीन लिथियम आहे, मीटरवर १३ व्होल्ट दिसतात. मेकॅनिक म्हणतो फ्रिज खराब, दुसरा घ्या. काय करू?

ताई, फ्रिज बदलायची घाई करू नका. आधी मल्टिमीटर घ्या आणि बॅटरीवर नाही तर फ्रिजच्या प्लगपाशी, जिथं वायर फ्रिजमध्ये शिरते तिथं व्होल्टेज बघा, आणि कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी बघा. बॅटरीपाशी १३ असताना इथं आकडा एकदम ११.५ च्या आसपास पडत असेल तर दोष वायरचा आहे. तुम्ही लिहिलंय की बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि फ्रिज मागच्या दाराशी आहे, म्हणजे ५ मीटर धरा, पण करंट जातो आणि परत येतो म्हणून मोजायचे १० मीटर. घरातल्या लाइटची १.५ स्क्वेअर एमएमची वायर वापरली असेल तर १० मीटरला ०.१२ ओहम रोध येतो, ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या वर आणि सुरू होतानाच्या १० अँपिअरला सव्वा व्होल्ट वायरमध्येच जातो. घरात २३० व्होल्टला सव्वा व्होल्ट कुणाला कळत पण नाही, १२ व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा असतो. ३ एचपीच्या मोटरला अर्धा इंची पाइप जोडल्यावर जे होतं तेच इथं चाललंय.

६ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर टाका, तीच व्होल्टेजची घट ०.३ व्होल्टवर येईल. वायरच्या टोकाचे लग (धातूच्या टोप्या) पक्कडीनं दाबलेत का ते पण बघा. पक्कडीनं दाबलेला लग वरून घट्ट दिसतो, पण हातानं जोरात ओढला की वायर सुटून येते नाहीतर आतले तार काळे पडलेले दिसतात. लग दाबायचं क्रिम्पिंगचं अवजार वेगळं मिळतं, ते वापरणाऱ्याकडूनच करून घ्या. फ्रिजच्या मेनूमध्ये बॅटरी प्रोटेक्शन (व्होल्टेज कमी दिसलं की फ्रिज बंद करणारी सोय) हाय, मीडियम, लो असं असतं ते लो वर ठेवा, लिथियमला तिचा स्वतःचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, असतो.

आणि एक, १३ व्होल्ट दिसतात म्हणजे बॅटरी भरलेली आहे असं समजू नका. या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जागचं हलत नाही, ७० टक्के असली काय आणि ४० टक्के असली काय, फरक अगदी थोडा. शंटवाला बॅटरी मॉनिटर बसवा, तो आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजून टक्के दाखवतो.

प्रश्न: जतजवळ राहतो. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी केली की दुपारी चार्जिंगच थांबतं. ऊन तर कडक असतं, मग असं का?

बहुतेक बॅटरी तापून बीएमएस चार्जिंग तोडतोय. बंद गाडी मे महिन्यात आतून ५५-६० अंशांपर्यंत सहज जाते आणि लिथियमला ४५ च्या वर चार्ज करणं तिच्या आयुष्याला बरं नाही. बॅटरी छताजवळच्या कप्प्यात असेल तर खाली जमिनीलगत आणा, इंजिनपासून लांब, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असं बघा आणि छतावर एक एक्झॉस्ट फॅन बसवा. पॅनल छताला चिकटवलेला असेल तर त्याखाली ३-४ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, पॅनल पण थंड राहतो आणि छत पण. चिकटवायचे फ्लेक्सिबल पॅनल म्हणूनच मला आपल्या भागासाठी पटत नाहीत.

पॅनलला ऊन पाहिजे आणि माणसांना, बॅटरीला सावली पाहिजे, हा पेच उन्हाळ्यात राहणारच. १०० वॉटचा घडीचा पॅनल आणि ८-१० मीटर जाड वायर ठेवा, गाडी बाभळीखाली लावा आणि पॅनल उन्हात पसरा. सावलीतून जाता जाता सांगतो, कॅरिअरच्या एका पाइपची सावली जरी छतावरच्या पॅनलवर आडवी पडली तरी आउटपुट बरंच खाली येतं कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून पॅनल कॅरिअर आणि फॅनपासून लांब बसवा.

प्रश्न: पॅनल तिरका करायची सोय करावी का?

उन्हाळ्यात गरज नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, तेव्हा आडवा पॅनलच बरोबर असतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य ४९ अंशांवरच राहतो, तेव्हा आडवा पॅनल भर दुपारी पाऊण हिस्साच पकडतो. एका जागी चार-पाच दिवस मुक्काम असेल तर बिजागरी लावा, नाहीतर राहू द्या. चाळकेवाडीला पवनचक्क्या फिरतात तिथं वारं काय असतं ते तुम्हाला माहितीये, पॅनल उचलून झोपू नका.

प्रश्न: घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि जुना एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडून आहे, विट्याहून विचारतोय, चालेल का?

बॅटरी सुरुवातीला चालेल. पण निम्मीच वापरायची, म्हणजे ९०० वॉट-अवर. वजन ५० किलोच्या पुढं, उभीच बांधायची, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून झोपायच्या जागेत अजिबात नको. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लेड-ॲसिड निवडा.

एमसीबी मात्र नको. घरातला एमसीबी एसीसाठी असतो. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून स्विच पडताना उडालेली ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहू शकते. डीसीचा फ्यूज घ्या आणि बॅटरीच्या प्लस टोकाला जमेल तेवढा जवळ लावा, मग बाकी काही जोडा. पैसे कमी पडत असतील तर एक पॅनल नंतर घ्या, पण यात काटकसर करू नका.

प्रश्न: कऱ्हाडहून. आरटीओचा त्रास होईल का?

पॅनल, बॅटरी यापेक्षा सीट काढणं आणि बॉडी कापणं हा मुद्दा आहे. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, सीटची संख्या आरसीवर लिहिलेली असते. म्हणून कटर लावायच्या आधी आरसी आणि कागदावर काढलेला आराखडा घेऊन आरटीओत विचारून या, आणि बदल झाल्यावर इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून त्याची पोच गाडीच्या कागदांत ठेवा.