भूक सुट्टीवर आहे तोवर शिकून घे

बाय,

तुझा मेसेज आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, मी वाटाणे भिजत घालत होते, हात ओले, चष्मा सापडेना, शेवटी झिलाकडून, म्हणजे लेकाकडून, वाचून घेतला. "मावशी तीन चमचे भात खाल्ला आणि छातीत दगड बसल्यासारखं झालं, तोंडात नुसती फेसाळ लाळ, ऑपरेशन फेल गेलं का?" नाही गं बाय. भात अडकला, एवढंच. पण हे फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही. आज सोमवार, मासे नसले की आमच्या खाणावळीत अर्धी गिऱ्हाइकं येत नाहीत, तेव्हा गल्ल्यावर बसूनच लिहितेय, मधे मधे बिल करत, त्यामुळे तुटक वाटलं तर समजून घे.

आधी तुझ्या भाताचं. स्लीव्हमध्ये, म्हणजे वजन उतरवायच्या आपल्या या ऑपरेशनमध्ये, पोटाचा पाऊण भाग, त्याहून थोडा जास्तच, काढून टाकतात आणि उरते ती केळ्यासारखी एक अरुंद नळी. आज तुला जेमतेम चार आठवडे झालेत, ती नळी आतून अजून सुजलेली आहे. त्यात भात म्हणजे चिकटणारी वस्तू, गुठळी होऊन बसतो. पाव, उंडो, पोळी यांचं तर विचारूच नको, चावून चावून त्याचा पिठाचा गोळा होतो आणि तो बुचासारखा बसतो. डायटिशियनने दिलेल्या तुझ्या कागदावर चौथ्या आठवड्यात घोटलेलं खाणं लिहिलंय ना, मग भात आला कुठून? आईने "दोन घास तरी खा" म्हटलं असणार. मला माहीत आहे, कारण माझ्या सासूनेही म्हटलं होतं.

माझा किस्सा सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. पाच वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला, ११२ किलो होते, गुडघे गेलेले, शुगर वर. सहाव्या आठवड्यात मला मऊ मासा चालू झाला. आता विचार कर, आयुष्यभर लोकांना बांगडे तळून वाढले आणि दीड महिना तोंडात माशाचा कण नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर हुमणातला, म्हणजे नारळाच्या रसातल्या आमटीतला, बांगडा घेतला, उभ्याउभ्या, कपाटाच्या आडोशाला, चोरून खाल्ल्यासारखा, तीन घास झपाझप. चौथा घास हातात आणि छातीच्या मधोमध असं काही आवळलं की मागच्या विहिरीच्या कठड्याला धरून वीस मिनिटं उभी होते, तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, आणि भांडी घासणारी बाई विचारतेय "किदें जालें?" शेवटी तो घास वर आला तेव्हा सुटले. बांगड्याचा दोष नव्हता. मी चावलाच नव्हता. त्या दिवसापासून मी उभ्याने खात नाही आणि लहान मुलांचा चमचा वापरते, झिलाचाच जुना, त्याच्या दांड्यावर अस्वल आहे, गिऱ्हाइकं हसतात तर हसू देत.

घास अंगठ्याच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा. वीस मिनिटं झाली की ताट बाजूला, उरलं तर उरलं. आणि पोट भरल्याची खूण आता वेगळी असते हे तुला कोणी सांगितलंय का? पूर्वी आपल्याला पोट जड झालं की कळायचं. आता कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचं नाक वाहतं. माझं नाक वाहतं. नाकात पाणी आलं की पुढचा घास म्हणजे विहिरीचा कठडा, हे माझं शरीर मला सांगतं. तुझी खूण काय आहे ती शोध, खाताना मोबाईल बाजूला ठेवलास तर आठवड्यात सापडेल.

आता पेज. मी गोंयची, पेजेवर वाढलेली, पेजेला वाईट म्हणताना जीभ अडखळते, पण बोलायलाच हवं. आपल्याकडे माणूस आजारी पडला की घर पेज चढवतं. तुझी आई दिवसातून तीनदा उकड्या तांदळाची पेज देतेय, वर लोणच्याचा खार, आणि तिला वाटतंय लेकीला ताकद येतेय. पेजेत पाणी आणि पिष्ट, प्रोटीन म्हणावं तर नावापुरतं. आणि तुला आत्ता पाहिजे ते प्रोटीनच, दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम, नाहीतर चरबीबरोबर मांसही झडतं, जिना चढताना पाय लटपटतात. वाटीएवढ्या पोटात ६० ग्रॅम बसवायचे म्हणजे आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात, आणि जागा उरत नाही. हिशोब असा बघ. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, प्रोटीन पावडरचा एक मापाचा चमचा वीस-पंचवीस (डायटिशियनने सांगितलेलीच घे, जिमवाल्या पोरांकडून नको), अर्धी वाटी घट्ट मुगाची डाळ चार, आणि मासा चालू झाला की छोट्या बांगड्याचं मांस दहा-बारा. झाले साठच्या आसपास. आत्ता सगळं घोटून, अंडं मऊ करून, डाळ मिक्सरमधून काढून. आईला पेज करायचीच असेल तर त्यातच मुगाची डाळ जास्त शिजवायला सांग, तिचंही मन राहील.

नशीब तुझं की तुझं जुलैच्या शेवटी झालं. माझं जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी नेमकी माझ्या मऊ खाण्याच्या दिवसांवर आली, बाजारात बर्फातला मासा नाहीतर सुके बांगडे, आणि सुकं म्हणजे मीठ नि चिवट तंतू, माझ्या त्या नळीला नको. तो विहिरीचा बांगडाही बर्फातलाच होता म्हणा. तुला ताजी मुडदुशी मिळतील, मऊ असतात, वाफवली की काट्यावरून आपसूक सुटतात.

पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण गटागटा नाही. जेवताना अजिबात नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. तुला वेर्ण्याला बसने जायचं असतं, तर बाटली पिशवीत न ठेवता हातात ठेव, दर पाच मिनिटांनी एक घोट. सोडा, कोल्ड्रिंक बंद. साखर न घातलेलं कोकमाचं पाणी चालतं, सोलकढी थोडी थांबून, पातळ आणि मिरची-लसूण न घालता.

आता जे सांगायला खरं तर बसलेय ते. तुला सध्या भूकच लागत नाही म्हणतेस, आणि खूश आहेस. भुकेचा एक हार्मोन आहे, घ्रेलिन नावाचा, तो जास्त करून पोटाच्या वरच्या भागात तयार होतो आणि तोच भाग कापून गेलाय, म्हणून शांतता आहे. पण ती भूक सुट्टीवर गेलीय गं, राजीनामा दिलेला नाही. मला दहाव्या महिन्यात परत लागायला लागली. तोवर जी सवय बसली तीच पुढे टिकली, जी बसली नव्हती ती गेली. माझी एक सवय बसलीच नाही. चव बघणं. दिवसभरात वीस वेळा चमचा तोंडात, नारळाच्या रसाचा, मसाल्याचा, आणि मी मनात धरायचे की हे जेवण नव्हे. रस, बिस्किट, चिवडा, आइस्क्रीम या गोष्टी त्या नळीतून सुरकन घसरतात, पोट भरल्याची खूणही देत नाहीत. ७१ पर्यंत आले होते, तिसऱ्या वर्षी ७५ झाले. चार किलो नुसत्या चवीचे. तू ऑफिसात असतेस, तुझ्याकडे चहाबरोबरचं बिस्किट असेल. आत्ता भूक नाही तेव्हाच ते तोड, नंतर जमत नाही, मी बघितलंय.

वजन गेल्या आठवड्यात हललं नाही म्हणून रडलीस असंही आई म्हणाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बऱ्याच जणांचं अडतं, मग परत उतरतं. काटा पलंगाखाली ढकल, आठवड्यातून एकदाच काढ.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येतेय. तेव्हा तुला सातवा आठवडा असेल. दोन गोष्टी. आदल्या दिवशी तय, म्हणजे आपली हरतालिका, आणि तुमच्या घरी पोरी निर्जळी करतात. यंदा तू करायची नाहीस. पाण्याशिवाय एक दिवस म्हणजे तुला सलाईनला दाखल करायची वेळ. चांगला नवरा मिळेल, घोट घोट पाणी पिऊनही मिळेल. (आणि लग्नाचं बघतायत म्हणून सांगून ठेवते, ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी दिवस जाऊ द्यायचे नाहीत असं डॉक्टर सांगतात, आणि वजन उतरलं की पाळी सुधारते, दिवस लवकर राहू शकतात, तेव्हा हे आधी बोलून घे.) दुसरी गोष्ट मणगणं, आपली चण्याच्या डाळीची गोड खीर. पहिल्या चवथीला नणंदेने वाटीभर मणगणं दिलं, मी अर्धी वाटी खाल्ली, गूळ नि नारळाचा रस. पंधरा मिनिटांत घाम, छाती धडधड, पोटात कळ, आरती चालू असताना मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगतात त्या चौकटीच्या, खाली चटईवर आडवी, वर सुपाऱ्या नि कांगलां लटकलेली बघत. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, पोटाचं बायपास केलेल्यांना जास्त, पण आपल्यालाही होतं. नेवरीचा, म्हणजे करंजीचा, एक तुकडा प्रसाद म्हणून जिभेवर ठेव. पाहुणे आग्रह करतील, भांडू नकोस, ताट घे आणि भावाच्या ताटात सरकव, मी तेच करते.

गोळ्या चुकवू नकोस, त्या जन्मभराच्या आहेत. मल्टीव्हिटॅमिन, बी१२, डी, कॅल्शियम, लोह. कॅल्शियम सायट्रेटवालं माग, ते पोटातल्या ॲसिडवाचून पचतं, आणि कॅल्शियम नि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेव, लोहाबरोबर चहा नको. ठरलेल्या वेळी रक्त तपासून घे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, न्हाणीघरात मूठभर, घाबरशील. वजन झपाट्याने उतरल्यामुळे होतं, प्रोटीन नि लोह नीट असेल तर काही महिन्यांत येतात परत. माझे आले, फक्त पांढरे आले.

अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. मला एकदा गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानात न विचारता डायक्लोफेनॅक दिलं होतं, आठवडाभर पोटात आग. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी अल्सर होऊ शकतो, तेव्हा दुकानदाराला आधी ऑपरेशनचं सांग. आणि मित्रमैत्रिणी बीचवर नेतील, तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे, पण निदान पहिलं वर्ष दारू नको. ती आता तुझ्या रक्तात फार लवकर चढते, आणि खाण्यातलं सुख गेलं म्हणून बाटलीकडे वळलेली माणसं आहेत. उर्राक, आपली काजूची दारू, दर उन्हाळ्यात येतं, पळून जात नाही.

ताप, शांत बसलेली असताना नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, काळी शी, पोटरी सुजणं, घोटभर पाणीही न टिकणं, यातलं काही झालं तर मला मेसेज करायचा नाही, सरळ सर्जनला फोन, रात्र असली तरी. उलट्या दोन दिवस चालल्या तरी तसंच, बी१ कमी पडलं तर डोक्यावर, नसांवर जातं, ते "गॅस असेल" म्हणून घरी बसून बघायचं नसतं.

बारा नंबरच्या टेबलावर बिल मागतायत. आज नि उद्या तू फक्त पातळ घे, भात विसर, परवापासून परत घोटलेलं. पुढच्या शनिवारी चारच्या सुमाराला ये, डायटिशियनने मऊ मासा चालू केला असेल तर मुडदुशी वाफवून ठेवते, नाहीतर अंडं. येताना तिचा कागद आण, तिच्या सहाव्या आठवड्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला बघायचंय, माझा कागद त्या पावसाळ्यातच भिजून गेला.

तुझी,
खाणावळवाली मावशी